पगार थांबला तर घर किती दिवस चालेल?

आलेल्या पत्रातला प्रश्न थोडक्यात असा आहे. चाकणच्या एका वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत नऊ वर्षं नोकरी, सध्या शिफ्ट इन्चार्ज. हातात ५४,००० येतात. पत्नी घरी शिकवण्या घेतात, त्यांचे ८,०००. मुलगी दुसरीत, आईवडील सोबत. वडील ७१ वर्षांचे, आई ६४ची, आईला मधुमेह. गृहकर्ज १६ लाख बाकी, हप्ता १६,२००. क्रेडिट कार्डावर ७०,००० थकलेत, दर महिन्याला किमान रक्कम तेवढी भरली जाते. इंडेक्स फंडात, म्हणजे शेअर निर्देशांकाप्रमाणे चालणाऱ्या म्युच्युअल फंडात, ३,००० ची एसआयपी (दर महिन्याची ठरलेली गुंतवणूक), तिथे १,१०,००० जमलेत. वर्षाला २४,००० हप्त्याची एक एंडाउमेंट पॉलिसी (विमा आणि बचत एकत्र). बचत खात्यात ३५,०००. वडिलांचे ४ लाख गावच्या पतसंस्थेत. दोन महिन्यांपासून कंपनीत ओव्हरटाइम बंद आहे, कंत्राटी मुलं कमी केली. एक मित्र म्हणतो एसआयपी बंद करून सोनं घे, दुसरा म्हणतो शेअर बाजारातल्या ऑप्शनच्या सौद्यांत महिन्याला पगाराइतके सुटतात. आता पैसे कुठे गुंतवावेत?

पैसे कुठेही गुंतवू नका, निदान सहा महिने. सांगतो का ते.

आधी बँकेच्या कर्ज विभागात आणि नंतर स्वतंत्र सल्लागार म्हणून मी अशी बरीच घरं जवळून पाहिली आहेत. मंदीच्या बातम्या सुरू झाल्या की लोक विचारतात, परतावा कुठे चांगला मिळेल? त्या काळात घर मोडतं ते परतावा कमी पडला म्हणून नव्हे. पैसे असतात, पण हवे त्या आठवड्यात हातात येत नाहीत, आणि मग चुकीची वस्तू चुकीच्या भावात विकावी लागते किंवा चुकीच्या माणसाकडून उचल घ्यावी लागते. म्हणून सध्या तुमच्या घरातला प्रत्येक पैसा मी रुपयांत मोजत नाही, महिन्यांत मोजतो. पगार थांबला तर हा पैसा घर किती दिवस चालवेल, एवढंच विचारायचं.

तुमचा हिशेब मांडू. नोकरी गेल्यावरही जे थांबत नाही ते असं: हप्ता १६,२००, किराणा-दूध-भाजी १४,०००, वीज-गॅस-मोबाइल-सोसायटी ६,०००, शाळा आणि व्हॅन ५,०००, औषधं ३,०००. पेट्रोल आज साडेतीन हजार लागतं, कामावर जाणं नसेल तर दीड हजारात भागेल. झाले ४५,७००. आज यात एसआयपी, कार्डाची किमान रक्कम आणि पेट्रोलचा उरलेला भाग मिळवला तर ५४,२०० होतात. घरात येतात ६२,०००. म्हणजे ७,८०० उरायला हवेत, आणि तुम्ही लिहिलंय की ते कुठे जातात तेच कळत नाही.

ते उधळपट्टीत जात नाहीत. तुम्हीच वेगळ्या ओळीत लिहिलेले खर्च पाहा: पॉलिसीचा हप्ता, जूनमधली शाळेची फी आणि पुस्तकं, गाडीचा विमा, मालमत्ता कर, दिवाळी, गावची जत्रा, वर्षातून दोन लग्नांचे आहेर. बेरीज ७२,००० च्या घरात जाते. म्हणजे महिन्याला ६,०००. खर्च तुम्हाला माहीत आहेत, फक्त ते महिन्याच्या हिशेबात बसत नाहीत म्हणून दर वेळी अचानक आल्यासारखे वाटतात. जूनमध्ये फी आली की कार्ड, ऑक्टोबरमध्ये दिवाळी आली की कार्ड. तुमचे ७०,००० असेच साचलेत. हॉटेलात किती वेळा गेलो, चहावर किती गेले, याची चौकशी करून घरात भांडणं मात्र होतात. मला त्या चहाच्या हिशेबाचा मनापासून कंटाळा आहे. त्यातून महिन्याला चार-पाचशे सुटतात आणि आठवड्याभरात उत्साह संपतो.

त्यामुळे बजेट म्हणून एकच काम करा. दुसऱ्या एखाद्या बँकेत साधं बचत खातं उघडा, त्याला यूपीआय जोडू नका, आणि पगाराच्या दिवशी ६,००० तिकडे वळते करायची सूचना देऊन ठेवा. हे वर्षाच्या खर्चाचं खातं. जून आला की फी इथून. बाकीच्या महिन्यात काय राहिलं ते पगाराच्या खात्यात दिसेलच, त्यासाठी ॲप लागत नाही. हे सगळं पत्नीसोबत बसून करा. शिकवणीचे आठ हजार हाताळणारं माणूस घरात असताना हिशेब एकट्याने डोक्यात ठेवायची आपल्याकडची सवय फार महागात पडते.

आता नोकरी गेली तर गरज किती? ४५,७०० अधिक वर्षाच्या खर्चाचे ६,००० म्हणजे ५१,७००. त्यातून शिकवणीचे ८,००० वजा. दर महिन्याला ४३,७०० कमी पडतील. हातात आहेत ३५,०००. घर चोवीस दिवस चालेल. हा आकडा फ्रिजवर लिहून ठेवा, पुढचं सगळं तो वाढवण्यासाठी आहे.

पहिलं काम कार्डाचं. महिन्याला साडेतीन टक्के व्याज धरू, बहुतेक कार्डांचं तेवढंच किंवा थोडं वर असतं. ७०,००० वर एका महिन्याचं व्याज २,४५०. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ४४१. किमान रक्कम म्हणून तुम्ही ५ टक्के भरता, ३,५००. त्यातले २,८९१ व्याजात आणि करात गेले, मुद्दल फिटलं ६०९ रुपये. वर्षाचा दर ४२ टक्के होतो. शिवाय मागची थकबाकी असताना नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. आज कार्डावर घेतलेल्या किराण्यावर आजपासूनच व्याज लागतं. हे स्टेटमेंटच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात असतं आणि कोणी वाचत नाही.

दुसऱ्या बाजूला फंडात १,१०,००० आहेत. माझा सल्ला सरळ आहे: त्यातले ७०,००० काढा आणि कार्ड शून्य करा. एसआयपी सहा महिने थांबवा. 'एसआयपी कधीच थांबवू नये' हे वाक्य मलाही पाठ आहे, आणि एरवी ते बरोबर आहे. पण जो शेअर बाजारात वर्षाला १२ टक्क्यांची आशा धरून पैसे टाकतो आणि त्याच वेळी ४२ टक्क्यांनी व्याज भरतो, तो उधारीवर शेअर घेतोय. एक वर्षाहून जुनी युनिट्स आधी विकली जातात, आणि इक्विटी फंडातला दीर्घ मुदतीचा नफा वर्षाला सव्वा लाखापर्यंत करमुक्त आहे, तेव्हा कराचीही अडचण नाही. एसआयपी थांबवताना फंडाकडे रीतसर रद्द किंवा पॉज करा. खात्यात पैसे न ठेवून हप्ता परत जाऊ दिला तर बँक प्रत्येक वेळी दंड लावते.

घाईने विका असं का म्हणतो? कारण आज विकायची सक्ती नाही. २३ मार्च २०२० ला सेन्सेक्स एका दिवसात ३,९३५ अंशांनी, म्हणजे १३ टक्क्यांनी पडला आणि २५,९८१ वर बंद झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरात तो जानेवारीच्या उच्चांकाच्याही पुढे गेला. आठ महिने थांबलेल्यांचं काहीच बिघडलं नाही. पण त्या मार्च-एप्रिलमध्येच अनेकांचे पगार अर्धे झाले किंवा थांबले, आणि ज्यांचा स्वयंपाक त्या युनिट्सवर अवलंबून होता त्यांना तळाला विकावं लागलं. बाजार पडणं आणि नोकरी जाणं या दोन गोष्टी बहुधा एकाच हंगामात येतात. तुमच्या क्षेत्रात तर हमखास.

दुसरं काम गृहकर्जाचं, आणि इथे माझं मत पुस्तकी सल्ल्याच्या उलट आहे. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने पैसे देते तो, ६.५० वरून टप्प्याटप्प्याने ५.२५ वर आणला. रेपोशी जोडलेल्या कर्जाचं व्याज त्यानुसार उतरतं. पण बँका बहुधा हप्ता तोच ठेवतात आणि मुदत कमी करतात. चांगल्या दिवसांत हे फायद्याचं असतं, एकूण व्याज वाचतं. सध्या मात्र तुम्हाला महिन्याचा भार कमी हवा. शाखेत अर्ज द्या: मुदत आधीचीच ठेवा, हप्ता कमी करा. १६ लाख, पंधरा वर्षं बाकी, दर ९ वरून ७.७५ झाला असं धरलं तर हप्ता १६,२०० वरून १५,०६० च्या आसपास येतो. अकराशे चाळीस रुपये. फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराच्या, गृहकर्जाला वैयक्तिक कर्जदाराकडून मुदतपूर्व फेडीचा दंड घेता येत नाही, त्यामुळे दिवस सुधारले की जास्तीची रक्कम भरून मुदत पुन्हा खाली आणता येईल. अर्ज देताना एक बघा, कर्ज रेपोशी जोडलेलं आहे की अजून जुन्या एमसीएलआरवर, म्हणजे बँकेने स्वतःच्या खर्चावरून ठरवलेल्या दरावर, आहे. ऑक्टोबर २०१९ च्या आधीचं असेल तर बहुधा एमसीएलआर असेल, किंवा त्याच्याही आधीचा बेस रेट. थोडं शुल्क भरून बदलता येतं. काउंटरवरून 'आपोआप होतं साहेब' असं उत्तर आलं तर परतफेडीचं नवं वेळापत्रक छापून मागा. तिथे दर, हप्ता आणि शेवटची तारीख तिन्ही दिसतात.

हे अर्ज, कार्डाची कामं, विम्याची कामं, सगळी आत्ताच उरका. पगारपत्रक चालू आहे तोवर बँक तुमच्याशी वेगळ्या सुरात बोलते. मी त्या टेबलाच्या पलीकडे बसलेलो आहे. सहा महिन्यांचे पगार जमा दिसणारं स्टेटमेंट आणि 'सध्या नोकरी शोधतोय' हे वाक्य, या दोघांच्या मध्ये अर्जाचा निकाल ठरतो.

आता वडिलांच्या पतसंस्थेतल्या ठेवीकडे येतो, कारण तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त काळजी तिची वाटली, आणि तुम्ही मात्र ते पैसे 'सुरक्षित' या सदरात लिहिलेत.

बँकेतल्या ठेवीला ठेव विमा महामंडळाचं, म्हणजे डीआयसीजीसीचं, संरक्षण असतं. एका बँकेत एका ठेवीदाराचे सगळ्या शाखांतले मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाखांपर्यंत. फेब्रुवारी २०२० पर्यंत ही मर्यादा १ लाखच होती. नागरी सहकारी बँकाही यात येतात. पतसंस्था येत नाही. ती बँक नाही, तिच्यावर रिझर्व्ह बँकेचं नियंत्रण नाही, ती सहकार खात्याच्या अखत्यारीत चालते. नावात 'सहकारी' असल्याने आणि चेअरमन ओळखीचे असल्याने हा फरक गावोगाव पुसला जातो. विमा असलेल्या बँकेतही पैसे अडकतात, हे लक्षात घ्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने मुंबईच्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध घातले तेव्हा ठेवीदारांना सुरुवातीला एक रुपयाही काढता येत नव्हता, पुढे २५,००० ची मुभा मिळाली. तिथे निदान विमा होता, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर अशा वेळी विम्याची रक्कम ९० दिवसांत द्यायची तरतूदही होती. पतसंस्थेच्या दाराला कुलूप लागलं तर प्रशासक, वसुली, कोर्ट, आणि वर्षं.

तुमची पतसंस्था वाईट आहे असं मी म्हणत नाही, मला ती माहीतच नाही. उत्तम चाललेल्या पतसंस्थाही पुष्कळ आहेत. पण ७१ वर्षांच्या माणसाची सगळी पुंजी तिथे नको. वडिलांशी बोलताना 'पतसंस्था बुडणार' अशी सुरुवात करू नका, ते संचालकांची बाजू घेऊन बसतील. पावत्या काढून बसा. ज्या पावतीची मुदत आधी संपते ती नूतनीकरणाला टाकायची नाही, एवढंच ठरवा. पहिल्या पावतीचे पैसे मागायला गेल्यावर चेक त्याच दिवशी मिळाला तर छान. 'परवा या', मग 'साहेब बाहेरगावी आहेत', मग 'निम्मे आत्ता घ्या, निम्मे पुन्हा ठेवा' असं सुरू झालं, तर बाकीच्या पावत्या मुदतीआधी मोडून व्याज सोडावं लागलं तरी सोडा.

त्या ४ लाखांतले ३ लाख वडिलांच्या नावाने पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवा. एप्रिल २०२३ पासून नव्या ठेवींना तिथे ८.२ टक्के मिळत आले आहेत. दर तिमाहीला नवा दर जाहीर होतो, पण तुमचा दर खातं उघडलेल्या दिवसाचाच पाच वर्षं राहतो. ८.२ ने ३ लाखांवर तिमाहीला ६,१५० खात्यात येतात. त्यात घरातल्या औषधांचा मोठा भाग निघेल. वर्षाच्या आत खातं मोडलं तर व्याज मिळत नाही, दुसऱ्या वर्षात मोडलं तर मुद्दलातून दीड टक्का कापतात. म्हणून उरलेला एक लाख एखाद्या बँकेत, २५,००० च्या चार वेगवेगळ्या एफडी करून. गरज पडली तर एकच मोडायची, बाकीच्यांचं व्याज चालू राहतं. नावावर 'दोघांपैकी कोणीही' अशी जोडखात्याची सोय आणि वारसनोंद दोन्ही करून घ्या. ही रक्कम मी तुमच्या महिन्यांत धरलेली नाही. ती त्यांची आहे, कार्ड फेडायला तर मुळीच घ्यायची नाही.

एंडाउमेंट पॉलिसीबद्दल फार लिहीत नाही. २४,००० भरून घरातल्या एकमेव मोठ्या कमावत्याला चार लाखांचं कवच मिळतंय, आणि ती टॅक्स वाचवायला घेतली होती असं तुम्हीच म्हणता. नव्या कररचनेत ८०सी ची, म्हणजे विमा-बचतीवरची, वजावट नाही, आणि २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर पगारदाराला तसाही कर लागत नाही. कारण संपलं, हप्ता उरला. पॉलिसी पेड-अप करा, म्हणजे पुढचे हप्ते बंद आणि आतापर्यंतच्या हप्त्यांच्या प्रमाणात कमी झालेली रक्कम मुदतीला मिळेल. मात्र क्रम पाळा: आधी टर्म इन्शुरन्स (बचत नसलेला, निव्वळ जीवनविमा) मंजूर होऊन पॉलिसी हातात येऊ दे, मगच जुनी थांबवा. टर्मसाठीही उत्पन्नाचा पुरावा लागतो, तेव्हा हेही नोकरी असतानाचं काम. तोवर बँक खात्यातून जीवन ज्योती विमा (वर्षाला ४३६ रुपये, २ लाख) आणि सुरक्षा विमा (२० रुपये, अपघाताचे २ लाख) चालू आहेत का ते पासबुकात बघा, नसतील तर आजच फॉर्म भरा.

आरोग्य विम्याचं मात्र सविस्तर. सध्या सगळं घर कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत आहे. नोकरी ज्या दिवशी संपते त्या दिवशी, किंवा फार तर त्या महिन्याअखेर, हे छत्र जातं. पीएफसोबत मिळणारा ईडीएलआयचा ७ लाखांपर्यंतचा जीवनविमाही नोकरीसोबतच संपतो. नवीन आरोग्य पॉलिसीत पहिले ३० दिवस अपघात सोडून काही मिळत नाही आणि आधीपासूनच्या आजाराला जास्तीत जास्त तीन वर्षं थांबावं लागतं. आईच्या मधुमेहाचं घड्याळ जितक्या लवकर सुरू होईल तितकं बरं. तुम्ही, पत्नी आणि मुलगी यांची मिळून एक फ्लोटर (सगळ्यांत एकच सामाईक रक्कम), आईची वेगळी. सगळ्यांना एकत्र घातलं तर हप्ता आईच्या वयावर ठरतो. फॉर्ममध्ये मधुमेह लिहायचा, एजंट काहीही म्हणो. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही, तेवढा दिलासा. नोकरी गेलीच तर ग्रुप पॉलिसी त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत बदलून मागता येते, एचआरकडून विमा कंपनीचं नाव आणि पॉलिसी क्रमांक आत्ताच घेऊन ठेवा. वडील सत्तरीच्या पुढे आहेत, त्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. उत्पन्नाची अट नाही, ५ लाखांपर्यंत उपचार, आधार कार्ड पुरतं. जवळचं कोणतं रुग्णालय यादीत आहे ते मात्र आधी पाहून ठेवा, रात्री दोन वाजता शोधायची ती गोष्ट नव्हे. पॉलिसीचे वाचलेले २४,००० टर्म आणि आरोग्य विम्याकडे वळतील असं मी धरलंय, त्यामुळे वर्षाच्या खर्चाचे ६,००० तसेच राहतात.

आता बेरीज. किमान रकमेचे ३,५००, एसआयपीचे ३,०००, हप्त्यातले १,१४० आणि खरोखर उरणारे १,८००. महिन्याला ९,४४०. सहा महिन्यांत ५६,६००, त्यात आजचे ३५,०००. जवळपास ९१,६००. महिन्याची गरज आता ४२,५०० च्या थोडी वर. चोवीस दिवसांचे दोन महिने आणि वर चार दिवस होतात. ऐकायला हे काहीच वाटत नाही. पण मधल्या काळात ४२ टक्क्यांचं कर्ज गेलेलं असतं आणि फंडातले ४०,००० तसेच असतात, तो आणखी एक महिना. दिवाळीचा बोनस आला तर तोही इथेच. सहा महिन्यांचा इमर्जन्सी फंड ठेवा असं सगळीकडे लिहिलेलं असतं. अडीच लाखांचा आकडा बघून माणूस सुरुवातच करत नाही. तुम्ही आधी एक महिना पुरा करा, मग तीन.

हे पैसे ठेवायचे कुठे, यावर जास्त डोकं चालवू नका. एका महिन्याचे वेगळ्या बचत खात्यात, त्यावरचे छोट्या छोट्या एफडीत. लिक्विड फंडही (अगदी कमी मुदतीच्या कर्जरोख्यांचा म्युच्युअल फंड) चालतो, पण त्यातून त्या क्षणी मिळणारी रक्कम दिवसाला ५०,००० किंवा शिलकीच्या ९० टक्के यांपैकी कमी असेल तेवढीच असते, बाकीची कामाच्या दुसऱ्या दिवशी. एक-दीड टक्का जास्त व्याजासाठी वेगळ्या ठिकाणी धावू नका. ९०,००० वर दीड टक्का म्हणजे वर्षाला १,३५० रुपये.

सोन्याबद्दल. घरात आहे तेवढं राहू द्या. वाईट वेळी पगारपत्रक न मागता मिळणारं स्वस्तातलं कर्ज म्हणजे बँकेचं सोनेतारण, आणि ते तुमच्या फळीत तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर आहे. पण मोठ्या तेजीनंतर, ३ टक्के जीएसटी आणि वर घडणावळ देऊन, तेही कार्ड थकलेलं असताना दागिना घेणं ही गुंतवणूक नाही. आणि ऑप्शनवाल्या मित्राला विचारा, ब्रोकरचं वर्षाचं नफा-तोट्याचं पत्रक दाखवशील का? शेअर बाजारावर नियंत्रण ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन करणाऱ्या वैयक्तिक लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात होते, सरासरी तोटा माणशी सुमारे २ लाख. तुमचे साडेचार महिने.

तीन महिने साठले की एसआयपी पुन्हा सुरू करा, हजारापासून. तोच इंडेक्स फंड चालेल, नवा शोधायची गरज नाही. पीपीएफ खातं असेल तर वर्षाला ५०० भरून जिवंत ठेवा. पीएफ या सगळ्यात मी कुठेच धरलेला नाही, मुद्दाम. तो काढता येतो म्हणून काढायचा नसतो.

आणि खरंच नोकरी संपल्याचं पत्र हातात पडलं तर? पहिल्या आठवड्यात गृहकर्जाच्या शाखेत जा, पहिला हप्ता चुकायच्या आधी. ९० दिवस थकल्यावर खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, ठरतं आणि मग शाखेतला ओळखीचा माणूसही काही करू शकत नाही. त्याआधी मुदतवाढ किंवा काही महिन्यांची सवलत याबद्दल निदान बोलता येतं. मोबाइलवर पाच मिनिटांत कर्ज देणाऱ्या ॲपच्या वाटेला जाऊ नका. नोकरी गेलेल्या माणसाचं पुढचं वर्ष मी तिथे बुडताना पाहिलंय.

नेमणूकपत्र कपाटातून काढा आणि नोटीसचं कलम वाचा. छाटणीची कायदेशीर भरपाई 'कामगार' या व्याख्येत बसणाऱ्यांना असते. तुमच्या पगाराचा आणि देखरेखीच्या कामाचा शिफ्ट इन्चार्ज बहुधा त्यात बसत नाही, म्हणून एक महिना की तीन महिने हे त्या कलमावर ठरेल. ग्रॅच्युइटी मात्र पाच वर्षांपुढे हक्काची आहे, काढून टाकलं तरी आणि राजीनामा दिला तरी. शेवटचं वेतन, म्हणजे निदान मूळ पगार अधिक महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले पूर्ण वर्षं. ते २५,००० धरलं तरी नऊ वर्षांचे १,२९,८०० होतात, म्हणजे तीन महिने. ती ३० दिवसांत द्यायची असते. एचआरने बोलावून 'राजीनामा लिहून द्या, अनुभवाचं पत्र चांगलं देऊ' असं सांगितलं तर तिथल्या तिथे सही करू नका, घरी विचारून उद्या सांगतो म्हणा. दुसऱ्या दिवशी जाताना नोटीसचा पगार, शिल्लक रजेचे पैसे, ग्रॅच्युइटी आणि आरोग्य विम्याची शेवटची तारीख या चार गोष्टी ईमेलवर लेखी मागा, आणि उत्तर आल्यावरच कागदाला हात लावा.